ग्रामनामांची लांबी

नाशिक जिल्ह्यांतील कांद्याच्या दैनिक बाजारभावाचें पत्रक ज्यांनीं कधीं चाळलें असेल, त्यांच्या पाहण्यांत 'पिंपळगाव(ब) - सायखेडा' असें एक नांव आलें असेल. सायखेडा हें गोदावरीच्या कांठीं, चांदोरीच्या समोर वसलेलें निफाड तालुक्यांतील गांव. तेथें राहणारा कोणीहि मनुष्य आपल्या गांवाचा उल्लेख या रीतीनें करीत नाहीं. त्याच्या लेखीं तें नुसतें सायखेडा आहे. परंतु राज्यभरचे भाव एका पानावर मांडणाऱ्या कारकुनास कोणता बाजार कोणत्या समितीकडे मोडतो हें सांगावयाचें असतें. म्हणून सायखेड्याच्या पुढें पिंपळगांव येऊन बसलें. आणि जागा पुरेना म्हणून त्या पिंपळगांवाच्या मागचा 'बसवंत' एका अक्षराएवढा आकसला. एकाच ओळींत एक नांव लांबलें आहे व दुसरें आखडलें आहे. लांबलचक स्थलनामांच्या उत्पत्तीचें म्हणून जें रहस्य सांगितलें जातें, तें बहुतेक सगळें या ओळींत सामावलेलें आहे, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

स्थलनामांविषयीं आपल्याकडे जें लेखन होतें, त्याचे ढोबळ मानानें दोन प्रकार करतां येतील. पहिला प्रकार गंमतीचा. जगांतील सर्वांत लांब नांव कोणतें, त्यांत अक्षरें किती, हें सांगून वाचकास थक्क करावयाचें आणि पुढच्या गंमतीकडे वळावयाचें, अशी त्याची तऱ्हा असते. दुसरा प्रकार अभिमानाचा. गांवाचें आजचें आटोपशीर नांव हा कोणत्या तरी भारदस्त संस्कृत नांवाचा अपभ्रंश असलाच पाहिजे असें गृहीत धरून तें मूळ नांव शोधावयाचें, आणि न सांपडल्यास रचावयाचें, अशी त्याची पद्धति. पहिल्यास लांबी हें केवळ नवल वाटतें. दुसऱ्यास ती पुरातनत्वाची खूण वाटते. आमच्या मतें दोन्ही वाचनें सदोष आहेत. नांवाची लांबी ही गांवाच्या वयाची खूण नसून, त्या गांवाचा बाहेरच्या माणसाशीं जो संबंध आला त्याची खूण आहे. गांवकऱ्याला लांब नांव क्वचितच लागतें. तें लागतें दूरच्या माणसाला: सारा गोळा करणाऱ्याला, नकाशा काढणाऱ्याला, स्तुति करणाऱ्याला आणि माल विकणाऱ्याला.

परदेशांतील प्रसिद्ध उदाहरणें प्रथम तपासूं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे परगण्याच्या कॉनमारा भागांत, एक लहानशी वस्ती आहे. इंग्रजी लिपींत तिचें नांव सलग २२ अक्षरांनीं लिहीत आले आहेत, आणि आयर्लंडमधील सर्वांत लांब नांव म्हणून गंमतीच्या पुस्तकांतून त्याची गणना होते. 'मकनॅगेडरडॉहौलिया' असा कांहींसा त्याचा उच्चार इंग्रज वाचक करील, आणि त्यांतून त्याला कांहींच अर्थबोध होणार नाहीं. आयरिश भाषेंत मात्र हें चार शब्दांचें साधें वर्णन आहे: मुइकनाख इदिर घा हाल्ये. 'मुइकनाख' म्हणजे डुकराच्या पाठीसारखा उंचवटा, 'इदिर' म्हणजे मध्यें, 'घा' म्हणजे दोन, आणि 'हाल्ये' म्हणजे खारें पाणी. दोन खाड्यांमधला डुकरउंचवटा, एवढाच याचा अर्थ. मराठी वाचकास त्यांत आणखी एक ओळखीची खूण पटेल. 'इदिर' हा आपल्या 'अंतर्' या शब्दाचा आणि 'घा' हा आपल्या 'द्वि'चा दूरचा भाऊबंद आहे. भाषाशास्त्रानें हें नातें केव्हांच सिद्ध केलें आहे.

आतां प्रश्न असा, कीं हें नांव लांब झालें केव्हां? मूळ वक्त्याच्या तोंडीं तें लांब नव्हतें. वाटेनें येणाऱ्याला एखादी जागा दाखवावी, त्या सहजतेनें तें उच्चारलें गेलें असेल. चार शब्दांमधल्या मोकळ्या जागा गाळून, परक्या लिपीच्या वर्णांत तें एकत्र कोंबलें गेलें, तेव्हां तें लांब झालें. म्हणजे ही लांबी आयरिश भाषेची नसून लेखणीची आहे. 'पिंपळगांवबसवंतबाजारसमिती' असें सलग लिहून, पाहा मराठींत किती प्रचंड नांवें असतात, असें कोणी म्हणूं लागला, तर आपण हंसूं. आयरिश मनुष्यास आपल्या त्या 'विक्रमा'विषयीं तितकेंच हंसूं येत असलें पाहिजे.

अक्षरें मोजण्याचा हा खटाटोप किती निरर्थक आहे, हें वेल्समधील प्रसिद्ध उदाहरणावरून अधिक स्पष्ट होतें. अँगल्सी बेटावरील ज्या गांवाच्या स्टेशनावरील पाटी पाहावयास प्रवासी आजहि जातात, तिच्यावर ५८ इंग्रजी अक्षरें आहेत. परंतु वेल्श वर्णमालेंत कांहीं जोडअक्षरें एकच वर्ण मानलीं जातात. त्या हिशेबानें तोच आंकडा ५१ वर येतो. गांवाचें जुनें नांव 'लानवाइर पूलग्विनगिल' एवढेंच होतें: पांढऱ्या हेझल झाडांच्या खळग्यांतलें मेरी मातेचें देऊळ. रेल्वेचें स्टेशन १८४८ मध्यें आलें. पुढें १८६० च्या दशकांत, प्रवाशांनीं मुद्दाम तेथें उतरावें म्हणून, जवळचा भोंवरा आणि शेजारचें दुसरें देऊळ हींहि त्या नांवांत गोंवण्यांत आलीं. पुरातनत्वाचा येथें लवलेशहि नाहीं. आहे ती जाहिरात, आणि मानलें पाहिजे कीं ती कमालीची यशस्वी जाहिरात आहे. स्थानिक लोक मात्र त्या गांवाला 'लानवाइरपूल' म्हणतात, आणि घाईंत असले तर त्याहूनहि थोडक्यांत भागवितात.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत वेब्स्टर नांवाचें एक सरोवर आहे, त्याची कथा तर याहून बोधप्रद आहे. तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेंत त्याचें जें नांव होतें, त्याचा अर्थ सीमेवरची मासेमारीची जागा, असा लावतात. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत एका स्थानिक वृत्तपत्राच्या संपादकानें त्या नांवाला थट्टेनें एक लांबलचक रूप दिलें, आणि 'तुम्ही तुमच्या बाजूस मासे धरा, आम्ही आमच्या बाजूस धरतों, मध्यें कोणीच धरूं नये' असा त्याचा अर्थ म्हणून छापला. थट्टा विसरली गेली. अर्थ मात्र टिकला. आज तोच प्राचीन शहाणपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो. आपल्याकडील कित्येक स्थलपुराणांचा जन्म याच मार्गानें झाला असावा, असा संशय हें उदाहरण वाचतांना मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

जाहिरातीनें नांव लांबतें तसें स्तुतीनेंहि लांबतें. सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, राजधानी १७८२ मध्यें पहिल्या रामराजानें बँकॉक येथें स्थापन केली. तिचें विधिपूर्वक नांव इंग्रजी लिपींत १६८ अक्षरांचें होतें, म्हणून तें जगांतील सर्वांत लांब नांव समजतात. परंतु थाई उच्चाराच्या आंत डोकावून पाहिलें, तर मराठी वाचकास तें सबंध नांव जवळजवळ समजतें: महानगर, अमररत्न, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी, पुरीरम्य, उत्तम, महास्थान, अमरविमान, अवतार, स्थित, शक्र, विश्वकर्मा, हे सर्व शब्द त्यांत ओळखूं येतात. इंद्रानें दिलेली व विश्वकर्म्यानें निर्माण केलेली नगरी, अशा थाटानें त्याचा शेवट होतो. हें नांव म्हणण्यापेक्षां बिरुदावलि म्हणणें अधिक योग्य होईल. राजाच्या नांवापुढें जशा पदव्या, तशा त्या नगरीच्या नांवापुढें आहेत. आणि राजाला जसें घरांत कोणी पदव्यांसह हांक मारीत नाहीं, तसेंच तेथील नागरिक आपल्या शहरास नुसतें 'क्रुंग थेप', म्हणजे देवनगर, म्हणतात.

आपल्याकडेहि हें चाललेलेंच आहे. मुंबईच्या बोरीबंदरावरील स्थानकास १८८७ मध्यें व्हिक्टोरिया राणीचें नांव मिळालें; १९९६ मध्यें तें छत्रपति शिवाजी टर्मिनस झालें; २०१७ मध्यें त्यांत 'महाराज' या पदाची भर पडली. भर घालण्यामागची आदरबुद्धि योग्यच आहे. थोर पुरुषाचा एकेरी वाटणारा उल्लेख मराठी मनास रुचत नाहीं. परंतु जनतेच्या जिव्हेचा व्यवहार निराळा असतो. ती पूर्वीं 'व्ही. टी.' म्हणे, आतां 'सी. एस. एम. टी.' म्हणते. ज्या थोर नांवासाठीं एवढा उपक्रम झाला, त्याचें त्या चार परक्या अक्षरांत एक अक्षरहि ऐकूं येत नाहीं. चेन्नईच्या मध्यवर्ती स्थानकास २०१९ मध्यें एम. जी. रामचंद्रन यांचें नांव सर्व उपाधींसह देण्यांत आलें. तेथील प्रवासी तरीहि 'सेंट्रल' म्हणतातच. यावरून एक नियम बांधतां येईल: आदरानें लांबविलेलें नांव व्यवहारांत आद्याक्षरांपर्यंत आखडतें, आणि तें जितकें लांब, तितकें लवकर आखडतें.

या नियमाला न्यूझीलंडमधील एक नांव अपवादासारखें वाटेल. तेथील माओरी लोकांच्या एका टेकडीचें नांव ८५ अक्षरांचें आहे. आणि तें ना कारकुनानें दिलें, ना जाहिरातदारानें. मोठ्या गुडघ्यांचा, डोंगर चढणारा, भूमि गिळीत जाणारा तामातेआ नांवाचा वीर जेथें आपल्या प्रियजनासाठीं बांसरी वाजवीत बसला तें शिखर, असा त्याचा भावार्थ आहे. हें नांव नव्हे, ही आख्यायिकाच आहे. ज्या समाजांत इतिहास लिहून न ठेवतां मुखानें जपावयाचा असतो, तेथें टेकडीचें नांव हीच पोथी होते. तथापि रोजच्या बोलण्यांत तेथेंहि या नांवाचा पहिला तुकडा 'ताउमाता' एवढाच वापरतात. पोथी असते, पण ती रोज सबंध वाचीत नाहींत. म्हणजे अपवाद लांबीच्या उगमापुरता आहे. वापराचा नियम तेथेंहि तोच आहे.

या प्रकाशांत आतां आपलें गोदाकांठचें क्षेत्र पाहूं. दारणा नदी गोदावरीस मिळते त्या भागांत दारणासांगवी नांवाचें गांव आहे. 'सांगवी' हा शब्द 'संगम' या शब्दाशीं जोडतात. नद्यांच्या मिळणीपाशीं वसलेल्या सांगव्या महाराष्ट्रांत कितीतरी आहेत. म्हणून येथें 'दारणा' पुढें लागली. आयरिश वस्तीचें नांव दोन खाड्यांच्या मध्यें उभें आहे, तसें हें दोन नद्यांच्या मिळणीपाशीं उभें आहे. नवल करावयाचें तर दोहोंचें करावें, नाहींतर कोणाचेंच करूं नये. तेथून खालच्या अंगास, गोदावरी व कादवा यांच्या संगमावर, नांदूर मधमेश्वर आहे. तेथील पाणथळीस २०२० मध्यें रामसर यादींत स्थान मिळाल्यापासून हें नांव देशोदेशींच्या पक्षिशास्त्रज्ञांच्या तोंडीं गेलें आहे. त्याच्या शेपटीस मधमेश्वर कां? तर जवळच सिन्नर तालुक्यांत दुसरें नांदूर आहे, त्याचें नांव नांदूर शिंगोटे. चांदवड तालुक्यांत वडनेर भैरव, मालेगांवाकडे वडनेर खाकुर्डी आणि नाशिकजवळ वडनेर दुमाला, अशीं तीन वडनेरें एका जिल्ह्यांत आहेत. एकाच्या ओळखीस देव लागला, दुसऱ्याच्या ओळखीस शेजारचें गांव, आणि तिसऱ्याच्या ओळखीस वसुलाची पद्धति. कारण ज्या गांवाचा वसूल सरकार व इनामदार अशा दोघांत वाटला जाई, तें दुमाला.

निफाड तालुक्यांतील कसबे सुकेणें व मौजे सुकेणें ही जोडी तर या विषयाचा धडाच आहे. कसबा म्हणजे बाजारपेठेचें मुख्य गांव, मौजे म्हणजे साधें खेडें. दोन्ही शब्द अरबींतून फारसी दफ्तरांच्या द्वारें आपल्याकडे आले. दोन सुकेणीं शेजारीं शेजारीं असल्यामुळें दफ्तरदारानें एकास एक बिल्ला लाविला, दुसऱ्यास दुसरा. पुणें प्रांतीं तळेगांव दाभाडे व तळेगांव ढमढेरे हीं दोन घराण्यांवरून वेगळीं झालीं. वऱ्हाडांत एक चांदूर बाजार झालें, दुसरें चांदूर रेल्वे झालें. आगगाडी येण्यापूर्वीं हें दुसरें नांव संभवतच नव्हतें. म्हणजे गांव जुनें, पण नांवाचें शेपूट मात्र लोखंडी रुळांवरून आलेलें. आणि महाराष्ट्रभर पसरलेलीं 'बुद्रुक' व 'खुर्द' हीं शेपटें फारसी 'बुजुर्ग' व 'खुर्द' यांपासून, म्हणजे थोरला व धाकटा या अर्थांनीं, आलेलीं आहेत. कित्येक ठिकाणीं आज धाकटें गांव थोरल्याहून मोठें झालेलें आढळतें. परंतु घरांतल्या धाकट्या भावानें कितीहि नांवलौकिक मिळविला तरी तो जसा धाकटाच, तसें खुर्द हें खुर्दच राहतें. पाट्यांवर व कागदांवर हीं शेपटें 'बु॥' आणि 'खु॥' अशीं एका अक्षरांत आवळलेलीं दिसतात, हेंहि आमच्या नियमास धरूनच आहे.

या सर्व उदाहरणांत शेपूट कोणासाठीं आहे, हें पाहिलें पाहिजे. सुकेण्यांतला शेतकरी शेजारच्या शेतकऱ्यास आपण कोणत्या सुकेण्याचे हें सांगत बसत नाहीं. तें सांगावें लागतें तालुक्यास, जिल्ह्यास, टपालास. जुन्या ताम्रपटांत दान दिलेल्या गांवाच्या चतुःसीमा नोंदवीत. मराठेशाहीच्या कागदांत 'मौजे अमुक, तर्फ अमुक, प्रांत अमुक' असें लिहीत. आज आपण तालुका, जिल्हा आणि १९७२ पासून सहा आंकड्यांचा पिनकोड लिहितों. सायखेडा नांवाचीं गांवें परभणीकडे आहेत, विदर्भांतहि आहेत. म्हणून गोदाकांठच्या सायखेड्याचें पूर्ण नांव आज पत्त्याच्या चार ओळींएवढें आहे. तें आपणांस लांब वाटत नाहीं, कारण आपण तें ओळी पाडून लिहितों. आयरिश नांवाच्या वांट्यास हें भाग्य आलें नाहीं, एवढाच काय तो भेद.

आतां अभिमानी वाचनाकडे वळूं. लहान नांव हें बिघडलेलें आणि लांब नांव हें अस्सल, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. नाशिकचेंच उदाहरण घेऊं. लक्ष्मणानें शूर्पणखेची नासिका छेदली म्हणून नाशिक, ही एक उपपत्ति. नऊ टेकड्यांच्या शिखरांवर वसलेलें म्हणून 'नवशिख', ही दुसरी. दोन्ही रम्य आहेत. परंतु पांडवलेण्यांतील चैत्यगृहावरचा सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा दानलेख नाशिककरांचा उल्लेख आजच्या नांवाशीं मिळत्याजुळत्या शब्दानेंच करतो. म्हणजे हें तीन अक्षरी नांव इतकीं शतकें जवळजवळ जसेंच्या तसें आहे. तें कोणत्याहि मोठ्या नांवाचा अवशेष म्हणून आपल्यासमोर येत नाहीं. मोंगल अमलांत याच शहरास 'गुलशनाबाद' असें फुलबागेचें नांव दिलें होतें. दरबारी दफ्तरांत तें चाललें. घाटावर चाललें नाहीं. राज्य गेलें तेव्हां नांवहि गेलें, आणि नाशिक राहिलें.

कांहीं लहान नांवें मोठ्या नांवांपासून निघालीं, हें आम्हीं नाकारीत नाहीं. 'नगर' या शब्दाचें प्राकृतांत 'नयर' झालें आणि त्याचें 'नेर' होऊन संगमनेर, पारनेर, अमळनेर हीं नांवें बनलीं, हें ध्वनिनियमांस धरून आहे. तसेंच 'खेट' या शब्दापासून 'खेड' व 'खेडें' आले. परंतु नियमानें सिद्ध होणारी व्युत्पत्ति वेगळी, आणि कानाला गोड लागणारी वेगळी. सायखेड्याच्या पहिल्या अर्ध्यांत कोणाला दुधावरची साय दिसेल, कोणाला शिर्डीचे साईबाबा आठवतील. परंतु एकच नांव गोदाकांठीं, परभणीकडे आणि विदर्भांत आढळतें, तेव्हां त्याचें मूळ एका व्यक्तींत शोधण्यापेक्षां सगळीकडे सांपडणाऱ्या वस्तूंत शोधणें युक्त होय. पिंपळ, वड, चिंच, जांभूळ यांवरून पडलेलीं ग्रामनामें आपल्याकडे उदंड आहेत. आणि सागाचें संस्कृत नांव 'शाक' याचें प्राकृत उच्चारांत 'साय' होणें नियमास सोडून नाहीं. ही वाट तपासून पाहण्याजोगी आहे. ती खरी ठरावयाची तर जुन्या कागदांतील रूप आणि भूमीची साक्ष हीं दोन्ही तिच्या बाजूस उभीं राहिलीं पाहिजेत. ध्वनि, भूमि आणि कागद या तीन साक्षींवांचून ग्रामनामाचा निवाडा करूं नये.

या क्षेत्रांतील आपले आद्य पुरुष इतिहासाचार्य वि. का. राजवाडे होत. गांवांच्या नांवांवरून वसाहतीचा इतिहास वाचतां येतो, ही त्यांची दृष्टि त्या काळीं अपूर्व होती. त्यासाठीं त्यांनीं जितकीं ग्रामनामें गोळा करून लाविलीं, तितकीं त्यांच्यापूर्वीं कोणी लाविलीं नव्हतीं. परंतु त्यांच्या पद्धतींत एक ओढ होती. जें नांव हातीं येई, त्याला संस्कृत मुळाशीं नेऊन भिडविल्यावांचून त्यांना चैन पडत नसे. द्राविडी वा आदिवासी बोलींच्या वांट्यास त्यांच्या हिशेबांत फारच थोडें येई. त्यांच्या मागून आलेल्यांनीं त्यांचे परिश्रम घेतले नाहींत, ती ओढ मात्र उचलली. आज एखाद्या गांवाचा इतिहास सांगणारी पुस्तिका उघडावी, तों पहिल्याच पानावर गांवाचें 'मूळ' संस्कृत नांव भेटतें. तें कोणत्या लेखांत आढळतें, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. बुद्रुक, खुर्द, कसबे, मौजे हे परके शब्द आपल्या गांवांच्या नांवांतून काढून टाकावे, असा सूरहि याच वृत्तींतून निघतो. हे शब्द काढले तर नांव शुद्ध होईल कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. परंतु कोणतें गांव बाजाराचें होतें, कोणतें आधीं वसलें, कोणाचा वसूल दोन हातांत जाई, हें सांगणारा एकुलता एक साक्षीदार आपण घालवून बसूं, हें निश्चित.

येथें आयर्लंडचा अनुभव आपल्याला उपयोगी पडेल. इंग्रज सरकारनें करआकारणीच्या सोयीसाठीं १८२४ मध्यें त्या देशाची मोजणी हातीं घेतली. तेथील सर्वांत लहान भूविभाग, ज्यांस टाउनलँड म्हणतात, ते सुमारें ६१,००० आहेत; त्या प्रत्येकाचें नांव नकाशावर घालावयाचें होतें. हें काम जॉन ओडोनोव्हन या आयरिश पंडिताकडे १८३० पासून आलें. तो गांवोगांव हिंडे, म्हाताऱ्या माणसांना नांव उच्चारावयास लावी, जुन्या कागदांतलीं रूपें त्याच्याशीं ताडून पाही, आणि मग इंग्रजी रूप ठरवी. त्यानें लिहिलेलीं पत्रें आजहि आयरिश स्थलनामशास्त्राचा पाया समजलीं जातात. पुढें १८६९ मध्यें पी. डब्ल्यू. जॉइस यानें आयरिश स्थलनामांवरील आपल्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला, तो याच पायावर. ब्रायन फ्रील या नाटककारानें १९८० मध्यें रंगभूमीवर आणलेल्या 'ट्रान्सलेशन्स' या नाटकाचा विषय हीच मोजणी आहे. नकाशावरील नांवांचें इंग्रजीकरण म्हणजे एका भाषेची हकालपट्टी, असें त्यांत प्रभावीपणें दाखविलें आहे. इतिहासकारांनीं त्यांतील तपशिलावर आक्षेप घेतले, आणि ते बरेचसे रास्त आहेत. फ्रीलचें चित्र कलादृष्ट्या खरें आहे. परंतु ओडोनोव्हनचे कष्ट त्या चित्रांत झांकले जातात. मोजणीनें नांवें विद्रूप केलीं हें जितकें खरें, तितकेंच तिनें तीं जतन केलीं हेंहि खरें. २००४ च्या एका आदेशानें आयरिशभाषी प्रदेशांत आयरिश रूपेंच अधिकृत ठरलीं, तीं ठरवितां आलीं याचें कारण कोणी तरी तीं वेळेवर लिहून ठेविलीं होतीं.

त्याच आदेशाची दुसरी बाजूहि पाहण्यासारखी आहे. डिंगल नांवाच्या बंदराच्या गांवीं या आदेशानें इंग्रजी रूपाची अधिकृतता गेली व 'अन डँगन' एवढेंच नांव राहिलें. गांवकऱ्यांना तें मान्य झालें नाहीं. २००६ मध्यें त्यांनीं मतदान करून 'डिंगल' आणि 'डँगन ई खूश' हीं दोन्ही नांवें मागितलीं, व २०११ मध्यें कायद्यानें तीं मान्य झालीं. वरून आलेली शुद्धि आणि खालून आलेली संवय यांचा झगडा झाला, तेव्हां गांवानें दोन्ही ठेविलीं. स्वतःची भाषा परत मिळाली म्हणून त्यानें ओळखीचें नांव टाकून दिलें नाहीं. हें शहाणपण आपणहि घेण्यासारखें आहे.

आपली मोजणी आयर्लंडच्या मोजणीची समकालीन होय. मुंबई इलाख्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून आपल्या पद्धतीस आरंभ केला. येथें गांवांचीं नांवें राहिलीं. परंतु गांवाच्या आंत, शेतांना नंबर पडले. त्यापूर्वीं थळझाड्यांसारख्या कागदांत शिवारांतील तुकडे थळांच्या नांवांनीं नोंदलेले असत. नंबर आल्यावर त्या नांवांची सरकारास गरज उरली नाहीं. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर ते नंबरहि मोडून गट नंबर झाले. ओहळाकांठचा, देवाच्या पारापलीकडचा, अमक्याच्या पडक्या विहिरीजवळचा, अशीं जीं शेंकडों नांवें प्रत्येक शिवारांत होतीं, तीं सरकारी उताऱ्यांवर फारशीं उरलेलीं नाहींत. तीं उरलीं मुख्यतः जुन्या माणसांच्या तोंडीं. नकाशावरील 'मुइकनाख इदिर घा हाल्ये' हें अशाच एका तुकड्याचें नांव आहे. फरक इतकाच, कीं त्याला २२ अक्षरांची कां होईना, पण नोंद मिळाली. आपल्या तुकड्यांना आंकडा मिळाला.

म्हणून स्थलनामांच्या अभ्यासकास आमचें सांगणें असें, कीं त्यानें आपलें लक्ष लांबीवरून काढून जवळच्या वस्तूकडे वळवावें. सुकेण्याला कसबे कां म्हणतात हें कागदांत सांपडेल. तो कागद आज ना उद्यां कोणी वाचील. परंतु सायखेड्याच्या शिवारांत द्राक्षांचे मांडव उभे राहण्यापूर्वीं त्या त्या तुकड्यास काय म्हणत, हें दफ्तरांत क्वचितच सांपडेल. प्रत्येक गांवच्या शाळेंतील शिक्षकांनीं व महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं एकेका शिवाराचा नकाशा घेऊन, गट नंबराशेजारीं ऐकलेलें नांव, सांगणाराच्या उच्चाराप्रमाणें, शुद्ध न करतां लिहून ठेवावें. अर्थ लावण्याची घाई करूं नये. अर्थ लावणारे मागून पुष्कळ येतील, सांगणारे येणार नाहींत. ओडोनोव्हनला सरकारनें पाठविलें होतें. आपल्याला कोणी पाठविण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आपण त्याच गांवांत राहतों.